शिकारीचा हंगाम संपल्यावर रानटर्कीची वीण कशी पाहावी

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात रानटर्कीच्या वसंतातल्या शिकारीचा हंगाम एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी सुरू होतो आणि चार आठवड्यांनी, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस संपतो. त्यानंतर पहाटेचे नरांचे आरव विरळ होत जातात, झाडे पानांनी गच्च भरतात, आणि बॉस्टनच्या आसपास नव्याने राहायला आलेल्या आपल्याकडच्या पुष्कळ मंडळींना वाटते की टर्की पाहण्याचे दिवस सरले. खरे तर विणीचा सर्वांत नाजूक भाग नेमका तेव्हाच चालू असतो. माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात, काहींची पिल्ले नुकतीच बाहेर आलेली असतात, आणि जंगलात बंदूक घेऊन फिरणारे कोणी नसल्यामुळे शांतपणे, मनातली भीती बाजूला ठेवून हे सगळे पाहता येते. गेली काही वर्षे मी जून ते ऑगस्ट हे तीन महिने या पक्ष्यांच्या मागावर घालवत आलो आहे. ज्यांनी टर्की केवळ नोव्हेंबरात ‘थँक्सगिव्हिंग’च्या ताटात पाहिली आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. हा पक्षी आज आपल्या अंगणात येतो, म्हणून तो सदैव इथेच होता असे समजू नये. या राज्यातली मूळची शेवटची रानटर्की १८५१ च्या सुमारास संपली. जंगले शेतीसाठी तोडली गेली होती आणि शिकारीला धरबंध नव्हता. पुढे पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहण्याचे प्रयत्न झाले, पण ते रानात तगले नाहीत. अखेर १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पकडलेले अवघे ३७ रानपक्षी पश्चिमेकडच्या बर्कशायर डोंगरांत सोडण्यात आले आणि ते मात्र रुजले. त्यांची संतती वाढल्यावर तिच्यातले पक्षी पकडून राज्याच्या इतर भागांत नेले गेले. आज ब्रुकलाइनच्या रस्त्यांवर आणि केंब्रिजच्या माउंट ऑबर्न स्मशानभूमीत दिसणारे थवे त्याच प्रयत्नाचे फळ आहे. रानात उबलेली, रानातल्या आईमागे फिरून शिकलेली पिल्लेच जगली, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणूनच मला जूनमधली एकेक अंड्यावर बसलेली मादी मोलाची वाटते.

पहिली पायरी: नर, मादी आणि वर्षाचा नर वेगळा ओळखणे

पूर्ण वाढलेल्या नराला इथले लोक टॉम किंवा गॉब्लर म्हणतात. तो साधारण ७ ते ११ किलोंचा असतो, त्याची पिसे काळपट असून उन्हात तांबूस-हिरवी झळाळतात, छातीवर घोड्याच्या शेपटीसारखा, राठ केसांसारख्या पिसांचा झुपका लोंबतो आणि पायाच्या मागच्या बाजूला टोकदार काटा असतो. डोके उघडे असते आणि त्याचा रंग मनःस्थितीनुसार लाल, निळा आणि पांढरा असा बदलत राहतो. मादी त्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाची, तपकिरी, फिकट टोकांच्या पिसांची आणि करड्या-निळसर डोक्याची असते. केवळ झुपका पाहून नर ठरवू नये, कारण काही माद्यांनाही बारीक झुपका असतो. डोक्याचा रंग आणि छातीच्या पिसांच्या कडा पाहाव्यात: नराच्या छातीची पिसे काळ्या टोकांची असतात, मादीची फिकट बदामी टोकांची.

वर्षभराच्या नराला जेक म्हणतात. त्याने शेपटी पंख्यासारखी फुलवली की मधली काही पिसे बाजूच्या पिसांपेक्षा उंच दिसतात. प्रौढ नराचा पंखा मात्र एकसारखा गोल असतो. ज्याने श्रावणात मोराचा पिसारा पाहिला आहे त्याला हा पंखा साधा वाटेल, परंतु दोन्ही पक्षी एकाच कुळातले आहेत, आणि नराने मिरवायचे, मादीने निवडायचे व पुढे पिल्लांचे सगळे एकटीनेच करायचे ही दोघांचीही रीत आहे.

दुसरी पायरी: दिवसांचे गणित मांडणे

हे गणित एकदा हातात आले की पुढचे बरेच काही आपोआप कळते. मादी दिवसाला एक, मध्ये एखादा दिवस गाळून, अशी १० ते १२ अंडी घालते, म्हणजे घरटे पूर्ण व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. या काळात ती अंड्यांवर बसून राहत नाही. रोज येते, अंडे घालते, वाळकी पाने ओढून अंडी झाकते आणि निघून जाते. अंडी पुरी झाल्यावर ती खुडूक बसते. कोकणातल्या आमच्या घरी आजी टोपलीत पेंढा घालून खुडूक कोंबडी बसवायची आणि एकविसाव्या दिवशी आम्हा मुलांना हाक मारायची. टर्कीला २६ ते २८ दिवस लागतात, एवढाच फरक.

आता उदाहरण घ्यावे. एखाद्या मादीने २० एप्रिलला पहिले अंडे घातले, तर ती ४ मेच्या आसपास बसेल आणि पिल्ले १ जूनच्या सुमारास बाहेर येतील. म्हणजे शिकारीचा हंगाम चालू असताना बहुतेक माद्या एक तर अंडी घालत असतात किंवा बसलेल्या असतात. वसंतातल्या हंगामात केवळ झुपकेवाल्या पक्ष्यांनाच मारण्याची परवानगी का असते, हे यावरून उमगते. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, एका समागमानंतर मादीच्या शरीरात शुक्राणू काही आठवडे टिकून राहतात, आणि नर पिल्लांच्या संगोपनात कसलाही वाटा घेत नाही. त्यामुळे मे महिन्यात काही नर कमी झाले तरी त्या वर्षीची पिल्ले बुडत नाहीत. बसलेली मादी गेली, तर मात्र सगळेच गेले.

तिसरी पायरी: पहाटे ऐकायला जाणे

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्योदयाच्या अर्धा तास आधी एखाद्या जुन्या ओक-पाइनच्या रानाच्या कडेला उभे राहावे. टर्की रात्री उंच झाडावर बसते. तिच्या रातथाऱ्याखाली जमिनीवर विष्ठा आणि पिसे पडलेली दिसतात. विष्ठेवरूनही नर-मादी ओळखता येते: नराची लांबट, टोकाशी गळासारखी वळलेली असते, तर मादीची गोळा होऊन पडलेली असते.

नरांच्या आरवांना वसंतात दोन भरत्या येतात. पहिली, हिवाळी थवे फुटून नर माद्यांचा शोध घेऊ लागतात तेव्हा. दुसरी, बहुतेक माद्या अंड्यांवर बसतात तेव्हा, कारण आता नराच्या हाकेला उत्तर द्यायला कोणी उरलेले नसते आणि तो अधिकच ओरडत राहतो. शिकारीचा हंगाम संपतो तो या दुसऱ्या भरतीच्या उतरणीला. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात एखादा गडगडा अजून ऐकू येतो, महिन्याच्या मध्यापर्यंत तो तुरळक होतो आणि मग थांबतो. विणीच्या काळात नर खाण्याकडे फारसे लक्ष देत नाही. छातीवर साठवलेल्या चरबीवर तो दिवस काढतो आणि चांगलाच खंगतो. पुढे त्याची पिसे झडू लागतात, डोक्याचा लाल रंग उतरतो आणि एप्रिलमध्ये एकमेकांवर तुटून पडणारे नर जुलैत तीन-चारच्या टोळीने गवतात निमूटपणे चरताना दिसतात.

अशा टोळ्यांतले नर पुष्कळदा सख्खे भाऊ असतात. कॅलिफोर्नियातल्या रानटर्कींचा अभ्यास करून ॲलन क्राकाउअर यांनी २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की दोन-तीन नर मिळून माद्यांपुढे पिसारा फुलवतात, पण संतती मात्र त्यांच्यातल्या वरचढ नराचीच होते. दुय्यम नराला स्वतःची पिल्ले मिळत नाहीत, तरी भावाच्या पिल्लांतून त्याच्याही रक्ताचा वाटा पुढे जातो. पुढच्या एप्रिलमध्ये दोन नर खांद्याला खांदा लावून मिरवताना दिसले, तर त्यांतला कोण पुढे सरकतो आणि कोण जागीच थांबतो, हे जरूर पाहावे.

चौथी पायरी: घरटे शोधायचे नाही

नवख्या निरीक्षकाकडून सर्वांत मोठी चूक इथे होते, आणि ती माझ्याकडूनही झाली आहे.

टर्कीचे घरटे म्हणजे जमिनीतला उथळ खळगा, त्यात थोडी वाळकी पाने. झाडाच्या बुंध्याशी, पडलेल्या फांद्यांच्या आडोशाला, झुडपांच्या जाळीत किंवा कापणीआधीच्या उंच गवतात ते असते. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य भागातल्या, रानात जुन्या शेतांच्या दगडी गडग्यांचे अवशेष जागोजाग आहेत. अशाच एका गडग्यालगत, आडव्या पडलेल्या पाइनच्या खोडाशेजारून मी एकदा मे महिन्याच्या शेवटी चाललो होतो. पाय टाकणार, तोच खोडाच्या सालीचाच एक तुकडा उठून पंख फडफडत निघून गेला. मला क्षणभर काय झाले ते कळलेच नाही. खाली पाहिले तर पानांत ११ अंडी होती: सायीच्या रंगाची, तांबूस-तपकिरी बारीक ठिपक्यांची, कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठी आणि हात न लावताही उबदार वाटावीत अशी. मी तिथेच दहा मिनिटे उभा राहिलो, छायाचित्रे काढली, भोवतीचे गवत बाजूला सारून आणखी जवळून पाहिले. तिसऱ्या दिवशी लांबून दुर्बिणीने पाहिले तेव्हा मादी नव्हती. जवळ गेलो तर कवचांचे तुकडे विखुरले होते आणि ओल्या मातीत रॅकूनच्या बोटांचे ठसे होते. माझ्या वासाच्या किंवा तुडवलेल्या गवताच्या वाटेने तो आला की त्याला ते घरटे एरवीही सापडले असते, हे सांगता येणार नाही. पण त्या दिवसापासून मी घरट्याच्या मागावर जात नाही, आणि आपणही जाऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बसलेली मादी दिवसातून एखादेच वेळी, थोडा वेळ, चरायला उठते. बाकी सगळा वेळ ती हलत नाही आणि तिचा रंग वाळक्या पानांत मिसळून जातो. रॅकून, स्कंक, ओपोसम, कावळे, कोल्हे, साप यांच्यापासून अंडी वाचतात ती तिच्या या निश्चलतेमुळे. आपण तिला उठवले की हे संरक्षण संपते. म्हणून मेच्या सुरुवातीपासून जूनच्या अखेरीपर्यंत रानात रुळलेली पायवाट सोडू नये, कुत्रा बरोबर असल्यास त्याला दोरीने बांधून न्यावे, आणि मादी चुकून उठलीच तर न थांबता, न वाकता, आलो त्याच चालीने पुढे निघून जावे. अंगणाच्या कडेला उंच गवत असेल आणि त्यात एखादी मादी रोज सकाळी शिरताना दिसत असेल, तर ते गवत जुलैपर्यंत कापू नये.

एक घरटे गेले तरी पुष्कळ माद्या पुन्हा घालतात. दुसऱ्या खेपेची अंडी सहसा कमी असतात आणि पिल्ले जुलैत येतात. मात्र एकदा पिल्ले बाहेर आली की त्या वर्षी ती दुसऱ्यांदा वीण करत नाही.

जुलैत रिकामे घरटे आपोआप वाटेत आले तर कवचांवरून काय झाले ते वाचता येते. पिल्लू स्वतः बाहेर पडले असेल तर अंड्याच्या जाड टोकाकडची टोपी झाकणासारखी गोल कापलेली दिसते. शिकारी प्राण्याने खाल्ले असेल तर कवच वेडेवाकडे ठेचलेले असते.

पाचवी पायरी: पिल्लांचे पहिले दोन आठवडे

अंडी फुटण्याच्या आधी एक-दोन दिवस मादी हलक्या आवाजात अंड्यांशी बोलू लागते आणि आतली पिल्ले उत्तर देतात. सगळी पिल्ले जवळजवळ एकाच दिवशी बाहेर येतात आणि चोवीस तासांच्या आत आईमागे घरटे सोडून चालू लागतात. तिथे ती पुन्हा परतत नाहीत. इथे या पिल्लांना पोल्ट म्हणतात. त्यांना उडता येत नाही, त्यामुळे पहिले दोन आठवडे मादी रात्री झाडावर न जाता जमिनीवरच पंख पसरून बसते आणि पिल्ले तिच्याखाली झोपतात. पिल्लांचे सर्वाधिक बळी याच काळात जातात, कधी कोल्ह्याकडून, कधी घुबडाकडून, कधी केवळ पावसामुळे.

जूनमधला गार पाऊस पिल्लांना का सोसत नाही, हे एकदा पाहिले की समजते. आमच्या मागच्या अंगणातल्या हेमलॉकच्या झाडाखाली एक मादी दिवसभराच्या पावसात बसली होती. तिचे पंख दोन्ही बाजूंना छपराच्या वळचणीसारखे खाली ओढलेले होते, पाठीवरून पाणी ओघळत होते आणि पंखांच्या कडेखालून मधूनच एखादे पिवळसर, डोक्यावर तपकिरी पट्टा असलेले डोके बाहेर येऊन पुन्हा आत जात होते. लव भिजली की पिल्लाच्या अंगात ऊब टिकत नाही, आणि पाऊस लांबला तर किडे टिपायलाही ते बाहेर पडू शकत नाही. मी खिडकीतून ९ डोकी मोजली होती. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर ती मादी गवतात निघाली तेव्हा मागे ६ होती.

या वयातल्या पिल्लांना दाणे नव्हे, तर नाकतोडे, अळ्या, भुंगेरे असे किडे लागतात. त्यामुळे त्यांना पाहायचे ठिकाण म्हणजे गुडघ्याइतके गवत असलेली उघडी जागा, जिच्या कडेला लपायला झुडपे आहेत: जुनी कुरणे, विजेच्या तारांखालची मोकळी पट्टी, सफरचंदाच्या बागा. दव सुकल्यावर, साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान, मोटारीतच बसून पाहावे. मोटारीत बसलेल्या माणसाला ही मादी भीत नाही, चालत आलेल्याला भिते. तिने ‘पट्’ असा तुटक आवाज काढला की पिल्ले जागच्या जागी थिजतात. अशा वेळी एक पाऊलही पुढे टाकू नये, कारण पिल्लू आपल्या पायाखालीही असू शकते. मादी कधी पंख मोडल्यासारखी लंगडत आपल्याला दुसरीकडे ओढू पाहते. ती जखमी नसते. मागे फिरावे, म्हणजे ती परत पिल्लांकडे जाईल. एखादे पिल्लू एकटे शिट्टीसारखे ओरडत असले तरी उचलून घरी आणू नये. तो आईला बोलावण्याचा आवाज असतो, आणि ती सहसा जवळच असते.

दहा ते चौदा दिवसांची झाली की पिल्ले खालच्या फांद्यांवर उडून बसू लागतात. ती पहिली संध्याकाळ पाहायला मिळाली तर चुकवू नये. मादी फांदीवर जाऊन बोलावते, एकेक पिल्लू झेप घेते, कुणी अर्ध्यावर पडते, पुन्हा चढते आणि शेवटी सगळी तिच्या पंखांना दोन्हीकडून चिकटून रांगेने बसतात.

बरोबर काय न्यावे, काय करू नये

दुर्बीण ८×४२ ची पुरते. याच महिन्यांत हरणांवरच्या गोचिडीची बारीक पिल्ले गवतात असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होतो. म्हणून फिकट रंगाची लांब विजार मोज्यांत खोचावी आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट पाहावे. तीन-तीन पानांची चकचकीत वेल दिसली तर तिला स्पर्श करू नये. ती पॉयझन आयव्ही असते आणि तिच्या चिकाने अंगावर फोड येतात.

आपल्याकडे पाखरांना दाणे घालणे पुण्याचे मानतात, आणि त्यामागची भावना मला समजते, परंतु टर्कीला खाऊ घालू नये. सवयीने माणसाळलेले नर पुढच्या वसंतात मुलांच्या अंगावर धावतात, मोटारीच्या पत्र्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडतात आणि शेवटी त्या पक्ष्यालाच जीव गमवावा लागतो. नर अंगावर आला तर पाठ दाखवून पळू नये. मोठ्याने ओरडावे, झाडू किंवा पाण्याची नळी वापरून त्याला हुसकावावे.

सहावी पायरी: मोजणे आणि कळवणे

१ जून ते ३१ ऑगस्ट या काळात मॅसॅच्युसेट्सचा वन्यजीव विभाग सामान्य नागरिकांकडून टर्कीच्या पिल्लांच्या नोंदी मागवतो. नोंदीत तारीख, गाव, माद्यांची संख्या, पिल्लांची संख्या आणि मादीच्या तुलनेत पिल्लांचा आकार एवढे हवे असते, आणि प्रौढ नर दिसले तर तेही. यावरून त्या वर्षी किती पिल्ले जगली याचा अंदाज बांधला जातो. पिल्ले मोजण्याची सोपी युक्ती म्हणजे ती रस्ता किंवा वाट ओलांडेपर्यंत थांबणे, कारण गवतात असताना अर्धी दिसतच नाहीत. शेवटचे पिल्लू पलीकडे गेल्यावरही आणखी मिनिटभर थांबावे, मागे राहिलेले एखादे नेहमी असते. पिल्ले नसलेल्या माद्याही नोंदवाव्यात. त्या नोंदी लोक निरर्थक समजून गाळतात, पण किती माद्यांची वीण फसली हे त्यांच्यावरूनच कळते.

जुलैपासून दोन-तीन माद्या आपापली पिल्ले घेऊन एकत्र येतात, आणि लहान-मोठी पिल्ले एकाच थव्यात दिसतात. इथे दुसऱ्या पायरीतले गणित उपयोगी पडते. २० जूनला जी पिल्ले जेमतेम खालच्या फांदीवर उडत असतील ती ६ जूनच्या आसपास जन्मली, म्हणजे आई ९ मेच्या सुमारास बसली आणि पहिले अंडे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातले होते. २० जुलैला न उडणारी पिल्ले दिसली, तर ती बहुधा घरटे मोडल्यावरची दुसरी खेप. माझ्या वहीत प्रत्येक थव्यासमोर असे मागे मोजलेले तीन दिनांक लिहिलेले असतात.

ऑगस्टच्या अखेरीस पिल्ले आईच्या अर्ध्याहून मोठी होतात आणि लांबून सगळी सारखीच दिसू लागतात. तेव्हा संध्याकाळी सातच्या सुमारास रातथाऱ्याच्या झाडापासून शंभर पावलांवर बसावे आणि आकाशाच्या उजेडावर उडून वर जाणारा एकेक पक्षी मोजावा. मागच्या वर्षी आमच्या वाटेवरच्या ओकवर मी शेवटची मोजणी २८ ऑगस्टला केली: ३ माद्या आणि १४ पिल्ले.